एक्केचाळीस दात

आवाज आधी मला आला.
सदरच्या पुलावर, काटा चाळिसाच्या पुढे गेला की
मागून, बिछायतीच्या गाद्यांखालून,
बारीक कुंईऽऽ,
गिरणीत दाणे संपल्यावर जातं रिकामं फिरतं, तशी.

हे म्हणाले, टायर आहे.
मग म्हणाले, बेअरिंग असंन.
मग महिनाभर काहीच म्हणाले नाहीत.

तुळशीच्या लग्नाला बावीस दिवस,
वहीत अकरा तारखा, पैकी दोन उमरेडच्या.
मुजीब उस्तादनं पिकअपच्या पोटाखाली घमेलं सरकवलं,
तेल उतरलं काळं,
आणि त्यात काहीतरी चमकलं.
त्यानं बोटावर घेऊन माझ्या बोटावर पुसलं.
"पाहा वयनी. हे दात होते."

नवं, पेटीबंद : अडुसष्ट हजार,
आणि पुण्याहून येईल तेव्हा येईल.
जुन्याच हौसिंगात नुसता क्राऊन-पिनियन बदलायचा, तर स्वस्त,
पण पत्री जाड पडली तर ओरडतं, बारीक पडली तर आपटतं;
"अन् माह्या डोळ्यांचं आता असं हाय," म्हणाला तो,
आणि चष्मा पुसत राहिला.

राहिलं कामठी रोडचं भंगार.
तिथं, टपावर टप रचलेल्या गाड्यांमध्ये,
अपघाताच्या दोन पिकअपांची मागची धुरं
पोत्यांवर निजवलेली.
समोरून ठोकलेल्या. मागचं शाबूत.
गाडीत कोण होतं, ते कोणी विचारलं नाही,
मीही नाही.

खडूनं एका दातावर खूण केली
आणि मोजू लागले, उकिडवी बसून,
लग्नाच्या ताटवाट्या मोजते तशी, पाचापाचानं.
पहिल्याचे सदतीस.
"हायवेवाल्याची होती," उस्ताद म्हणाला.
"रिकामी पळन मस्त. पन मंडपाचे पाईप भरून
पूल चढाले लागली, की रडन."
दुसऱ्याचे एक्केचाळीस. आमच्याइतकेच.
परत मोजले. एक्केचाळीस.

सदतीसवालं सहा हजारांनी कमी होतं.
हे तिकडेच बघत होते.

मग उस्तादनं चाकं कशी फिरतात ते दाखवलं,
एक बाजू हातानं धरून, दुसरी सोडून :
"वळणावर भायेरच्या चाकाले जास्त चालावं लागते.
दोघंही सारखेच चालतो म्हनले
तं एकाचा टायर घासते. हे डब्बं त्याच्यासाठी."
ह्यांनी मान हलवली.
मी पदराला हात पुसले.

त्यानं पेचकस दिला ह्यांच्याजवळ.
टोक हौसिंगवर, मूठ कानाला.
एक फिरवलं, हे म्हणाले : मस्त.
दुसरं फिरवलं, हे म्हणाले : मस्त.
मी पेचकस घेतला.
सदतीसवाल्यात, दर फेऱ्याला एकदा,
आत कुठंतरी
टक्.
पुन्हा फिरवायला लावलं.
टक्.

"ऐकू नाही आलं तुम्हाले?"
ह्यांनी मुजीबकडे पाहिलं, मुजीबनं घमेल्याकडे.
वीस वर्षं हे लग्नांत जनरेटरशेजारी बसतात.
बाजेवर निजतात, आणि ते धडधडत असतं.
मी कधी
हिशेब केला नव्हता.

एक्केचाळीसवालं घेतलं. तीस म्हणत होता, सत्तावीसला.
रात्री अकरापर्यंत बसवलं,
नवं सील, नवं तेल, अडीच लिटर,
एक नट गटारात गेला, तो मुजीबच्या पोरानं
कोपरापर्यंत हात घालून काढला.

मग सदरचा पूल. रस्ता मोकळा.
तीस. चाळीस. काटा पंचेचाळिसावर,
आणि मागं नुसत्या साखळ्या,
फाळक्याच्या, आपल्या आपल्यात वाजणाऱ्या.

ह्यांनी समोर बघत, मोठ्यानं विचारलं,
नेहमीच मोठ्यानं बोलतात, मला वाटायचं गाडीमुळं :
"गेला का आवाज?"

गेला, मी म्हणाले.

मग खिडकीची काच वर केली,
जवळ सरकले,
आणि पुन्हा, जरा जोरात म्हणाले,
गेला.